हात ठेव

१

रोज सकाळी गाडी निघाली की पहिला एक किलोमीटर शशिकलाबाईंनी तोंड मिटून बसायचं, असा नियम होता. नियम अर्थात नवऱ्याचा. काचा वर, एसी बंद, फोन बंद आणि बायकोही बंद. राघोत्तमराव गाडी सावकाश न्यायचे आणि कान देऊन ऐकायचे. समोरचा किलोमीटरचा आकडा बदलला रे बदलला, की शशिकलाबाई "झालं हो!" म्हणून ओरडायच्या, आणि तिथून जी टकळी सुरू व्हायची ती रात्री डोकं टेकेपर्यंत. त्यानंतर घोरणं.

सत्तेचाळीस सकाळी हे असंच चाललं होतं. कच्छातल्या कोटेश्वरला त्यांनी गाडीचं तोंड दक्षिणेकडे केलं आणि किनारा धरला, तो सोडलाच नाही. द्वारका, दमण, रत्नागिरी, कारवार, कोळिकोड, कन्याकुमारी, आणि तिथून वळून वर रामेश्वर. समुद्र सबंध वाटेत उजव्या हाताला, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला. "कन्याकुमारीला वळलो तरी तो माझ्याच बाजूला!" असं राघोत्तमराव भेटेल त्याला सांगायचे. जणू त्यांनीच समुद्राला तिथे बसवून घेतला होता. वय वर्षं चौसष्ट, गाडी बारा वर्षांची, आणि माणसं दोनच. आता चेन्नई तीन दिवसांवर राहिली होती.

माणूस गर्विष्ठ होता का? होता. पण त्याच्याकडे गर्व करण्यासारखं काही होतं, आणि ते म्हणजे कान. चेन्नईजवळच्या एका मोटारींच्या कारखान्यात राघोत्तमरावांनी एकतीस वर्षं काढली, ती खडखड विभागात. कागदोपत्री नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण सगळे खडखड विभागच म्हणायचे. नव्या गाडीत कुठे काय वाजतंय ते शोधायचं, एवढंच काम. पण ते दोघांचं काम. एक चालवणार, दुसरा मागे डोळे मिटून बसणार. चालवणारा म्हणणार, "हात ठेव." मग मागचा तळहात टेकवत जाणार, दारावर, सीटच्या पाठीवर, छताच्या कडेला. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. जिथे हात ठेवल्यावर आवाज थांबला, ती जागा चोर. पण तेवढ्यावर भागत नाही. मग म्हणायचं, "हात काढ." हात काढल्यावर आवाज परत आला, तरच चोर पकडला. नाही तर तो योगायोग.

राघोत्तमराव तंजावरी मराठी आणि मागे बसणारा त्यांचा मदतनीस भीमसेनही तंजावरी मराठी, त्यामुळे हे दोन शब्द मराठीतच राहिले. पुढे तमिळ पोरंही "हात ठेव, हात काढ" म्हणायला लागली. राघोत्तमराव निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, भीमसेनही गेल्या वर्षी निवृत्त झाला, तरी त्या विभागात आजही तेच शब्द चालतात. हे सांगताना राघोत्तमरावांची छाती दोन इंच फुगते. शशिकलाबाई सांगलीच्या. "मी केलो, मी ऐकलो" असं बोलणाऱ्या माणसाची मराठी कारखान्यात चालते म्हणजे कमालच, असं त्या म्हणायच्या, पण चार बायकांत हीच गोष्ट स्वतः रंगवून सांगायच्या.

मग हा प्रवास कशाला? तर दोन वर्षांपासून दाराची बेल कधीमधी राघोत्तमरावांना ऐकू येईनाशी झाली होती. लेक कीर्तना पुण्याहून फोनवर मागे लागली होती, की अप्पा, चेन्नईतच एग्मोरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. आणि त्यातच त्यांचे जुने साहेब रामस्वामी एका लग्नात सगळ्यांदेखत म्हणाले, की न वाजणारी गाडी जगात नसते, राघोत्तमची असेल तर त्याला ऐकू येत नसणार. वीस वर्षं त्या माणसाने कधी 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. राघोत्तमरावांनी तिथल्या तिथे सांगितलं, "सबंध किनारा फिरून येतो. शेवटच्या दिवशी तुम्ही माझ्या गाडीत बसा, आणि ऐका."

रविवारी सकाळी रामस्वामी आणि भीमसेन चेन्नईच्या अलीकडच्या कोवलमला बसने येऊन थांबणार होते. तिथून पेरुंगुडीच्या घरापर्यंत ते मागच्या सीटवर बसणार होते. बस, एवढंच पणाला लागलं होतं. पण ज्याचं जातं त्याला ते एवढंसं नसतं.

२

शुक्रवारी सकाळी ते तरंगंबाडीहून निघाले. काचा वर, एसी बंद.

टुक.

राघोत्तमरावांनी मान किंचित तिरकी केली. मागून आला होता. पाटावर बोटाच्या पेराने वाजवावं तसा, बारीक पण ठसठशीत.

टुक.

"झालं हो!" शशिकलाबाई ओरडल्या. आणि लगेच, "अहो, मागे काय वाजतंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मी ऐकलं."

"तू काय ऐकणार! मला ऐकू आलं तर ते वाजतंय." पण त्यांनी वेग वाढवला. खरं तर खडखड वेगाबरोबर वाढते, नाही तर एखाद्या वेगाला बंद पडते. हा आवाज होता तेवढाच राहिला. त्यांनी वेग कमी केला. टुक. रस्त्याकडेला गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि दोघं गप्प बसून राहिले. बाहेर एक सायकलवाला गेला.

टुक.

उभी गाडी वाजत नाही. एकतीस वर्षांत उभी गाडी वाजलेली त्यांनी ऐकली नव्हती. मग ते स्वतःशीच म्हणाले, पत्रा तापतो, निवतो, आणि निवताना वाजतो. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. फक्त सकाळचे सात वाजले होते आणि गाडी जेमतेम एक किलोमीटर चालली होती. तापली केव्हा आणि निवली केव्हा, एवढंच काय ते बसत नव्हतं.

पुदुच्चेरीला पोचल्यावर त्यांनी डिकी रिकामी केली. घडीच्या खुर्च्या, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, शशिकलाबाईंनी जागोजागी घेतलेल्या पापडांचं खोकं, सगळं फुटपाथवर मांडलं. येणारेजाणारे भाव विचारायला लागले. राघोत्तमरावांनी जिथे जिथे पत्रा पत्र्याला लागतो तिथे कापडी पट्ट्या चिकटवल्या, मागच्या सीटचे बोल्ट आवळले, सीटच्या मखमली कव्हरवर हात फिरवून खाली काही अडकलंय का तेही चाचपलं. काही नव्हतं.

"झाला बंदोबस्त," ते हात पुसत म्हणाले.

शनिवारी सकाळी पहिल्याच किलोमीटरला तो पुन्हा आला. आणि कालच्यापेक्षा पुढे सरकला होता. काल तो डिकीत होता, आज तो मागच्या सीटवर.

३

"मी बसते मागे," शशिकलाबाई म्हणाल्या. "तुमच्या भीमसेनला जमतं ते मला काय कठीण?"

त्या मागे जाऊन बसल्या, डोळे मिटले, आणि हात ठेव म्हटलं की इमानेइतबारे हात ठेवत गेल्या. दार, सीट, छत. आवाज थांबेना.

"अहो, पण हे मागे नाहीच वाजत. पुढे वाजतंय, तुमच्याकडे."

"पुढे? तुझ्या शेजारून येतंय की!"

"माझ्या शेजारी कोण आहे? तुमच्या शेजारी वाजतंय, माझ्या रिकाम्या सीटवर."

राघोत्तमरावांनी डावीकडे पाहिलं. तिथे तिची पर्स होती. त्यांनी पर्स उचलून मांडीवर घेतली. टुक. त्यांच्या कानाला तो मागूनच आला. दोन माणसं एकाच आवाजाची दोन ठिकाणं सांगतात तेव्हा एकाचा कान खोटा असतो, हे ते स्वतःच पोरांना शिकवायचे. कुणाचा खोटा, हे त्यांनी आज ठरवलं नाही.

थोड्या वेळाने शशिकलाबाई पुढे येऊन बसल्या. मागे मळमळतं म्हणाल्या. पण बसताना त्यांनी एकदा वळून मागे बघितलं, आणि मग दुपारच्या जेवणापर्यंत परत मागे बघितलं नाही.

मरक्काणमला रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं लागतात. पांढरे ढीग, त्यांवर झापं, आणि माणूस क्वचितच. तिथे आवाजाने वीट आणला. टुक. टुक. आता दोन आवाजांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. उद्या सकाळी रामस्वामी याच सीटवर बसून डोळे मिटणार होते, आणि मग त्यांच्या तोंडावर जे हसू येणार होतं ते राघोत्तमरावांना आत्ताच दिसत होतं. एवढा किनारा सरळ आलो आणि आता दारात येऊन नाक कापलं जाणार! ते असे भडकले की बोलायची शुद्ध राहिली नाही. आरशात रिकाम्या मागच्या सीटकडे बघत, कारखान्यात द्यायचे त्या आवाजात त्यांनी हुकूम सोडला.

"हात ठेव!"

आवाज थांबला.

एक मिठागर मागे पडलं, दुसरं पडलं. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली होती.

"बघितलीस?" राघोत्तमराव शेवटी म्हणाले. आणि हसले, खूप मोठ्यांदा हसले. "अजून ऐकतात आपलं!"

"कोण ऐकतात?" शशिकलाबाईंनी विचारलं.

४

कोवलमला त्यांनी समुद्रासमोर एक खोली घेतली होती. खाली वाळूत होड्या ओढून ठेवलेल्या, मासळीचा बाजार उठत आलेला, आणि कोळिणींची भांडणं रंगात आलेली. गाडी आत वळवताना राघोत्तमरावांनी डावा दिवा लावला. समोर हिरवा बाण उघडमीट करत होता. पण त्याची टिक-टिक येत नव्हती.

त्यांनी बंद करून परत लावला. बाण दिसत होता, आवाज नव्हता.

सगळ्यात आधी मनात आलं ते कानांचंच. खाली उतरून ते होड्यांपाशी उभे राहिले आणि एकेक आवाज तपासायला लागले. कावळा, आला. बसचा हॉर्न, आला. एक बाई दुसरीला मेलीस का म्हणून विचारत होती, तेही आलं. दूर एका होडीचं इंजिन एका दमात तीनदा खोकलं, ते त्यांनी मोजलं. कान शाबूत होते, उलट नेहमीपेक्षा लख्ख होते. राघोत्तमरावांना एवढं बरं वाटलं, की मग गाडीत टिक-टिक का नाही, हा पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही.

तो विचारला संध्याकाळी. शशिकलाबाई खिडकीशी उभ्या राहून वेणी घालत होत्या. हात वर जात होते, खाली येत होते, आणि काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या. डझनभर बांगड्या, आणि एकीचाही आवाज नाही.

"शशी, बांगड्या वाजव जरा."

"काय?"

"हात हलव की."

तिने हलवला. राघोत्तमरावांना बाहेरच्या लाटा ऐकू येत होत्या, वेणीतून कंगवा जाताना होणारी बारीक खसखससुद्धा ऐकू येत होती. बांगड्या गप्प होत्या.

"काय झालं हो तुम्हाला?" ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "माझा घसा बसलाय त्या मिठागरांपासून. खारा वारा बाधला बहुतेक."

ते खाली गाडीपाशी गेले. उजेड होता अजून. मागचं दार उघडलं आणि वाकून बघितलं. सीटचं मखमली कव्हर सगळं एका दिशेने पडलेलं होतं, फक्त मधोमध, जिथे कुणी बसलं नव्हतं, तिथे ते दबलेलं होतं. आणि पुढच्या डाव्या सीटच्या पाठीवर, शशिकलेच्या सीटच्या पाठीवर, मखमल एका जागी उलट्या दिशेने फिरलेली होती. पाच बोटं आणि तळवा. टेकवलेला, दाबलेला नाही. राघोत्तमरावांनी त्यावर आपला हात ठेवून पाहिला. ठसा त्यांच्या हातापेक्षा लांब होता आणि जागा ओलसर लागली.

आपणच काल चाचपताना ठेवला असेल हात, ते स्वतःशी म्हणाले. बोटं लांब दिसतात कारण हात सरकला असेल. ओल समुद्राची. गाडी किनाऱ्यावर उभी आहे म्हटल्यावर ओल येणारच. त्यांनी तळहाताने मखमल सरळ केली.

दोन शब्द म्हणायचे होते फक्त. हात काढ. त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलं होतं, की हात काढून बघितल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही, अर्धवट सोडली तर तुम्हाला कळतच नाही की तुम्ही काय थांबवलंय. शब्द ओठावर आले. पण मग टुक-टुक परत येणार. उद्या सकाळी, रामस्वामींच्या कानाशी.

एकच दिवस, राघोत्तमराव म्हणाले. उद्या घरी पोचलो की म्हणतो. आणि त्यांनी दार लावून घेतलं. दार लागल्याचाही आवाज झाला नाही.

५

रविवारी सकाळी रामस्वामी बसमधून उतरले ते इस्त्रीचं धोतर नेसून, आणि मागोमाग भीमसेन, हातात मोगऱ्याचा गजरा घेऊन. "वहिनींना," तो म्हणाला. "एवढ्या दूर ह्यांच्याबरोबर गेल्यात, तुमचाच सत्कार करायला पाहिजे." शशिकलाबाई हसल्या, घशाकडे बोट दाखवून मानेनेच नको-नको म्हणाल्या, आणि गजरा माळला.

रामस्वामी उजव्या दाराशी बसले, भीमसेन डाव्या. तसे दोघंही अंगाने भरलेले. तरी दोघंही आपापल्या दाराला चिकटून बसले होते, आणि मध्ये हातभर जागा मोकळी होती. ऐसपैस बसा की, असं राघोत्तमरावांच्या तोंडावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"पहिला किलोमीटर," ते म्हणाले. "नियम ठाऊक आहे."

काचा वर गेल्या. दोघांनी डोळे मिटले. गाडी निघाली.

काय सांगावं! राघोत्तमरावांनी जन्मात अशी गाडी चालवली नव्हती. इंजिन आहे की नाही कळत नव्हतं. चाकाखाली रस्ता होता पण रस्त्याचा आवाज नव्हता. मुट्टुकाडूच्या पुलावरचे सांधे एकामागून एक गेले आणि त्यांतल्या एकानेही धक्का ऐकवला नाही. उजव्या हाताला समुद्र नेहमीसारखा होता. राघोत्तमरावांचा ऊर भरून आला. एकतीस वर्षं जे शोधलं ते हेच, आणि ते त्यांच्या स्वतःच्या गाडीत होतं.

"ओण्णुमे इल्ले," रामस्वामी डोळे न उघडता पुटपुटले. काहीच नाही. काहीसुद्धा नाही.

आकडा बदलला.

राघोत्तमराव थांबले, आता ती ओरडणार म्हणून. ती ओरडली नाही. ऐकण्याच्या नादात तिने लक्ष दिलं नसेल. गाडी पुढे चालली. आकडा आणखी एकदा बदलला. एकोणपन्नास सकाळींत असं एकदाही झालं नव्हतं. त्यांनी डावीकडे बघितलं.

शशिकलाबाईंचं तोंड उघडं होतं. ओठ हलत होते. झालं, झालं हो, झालं. एका हाताने त्यांनी नवऱ्याची बाही धरून ओढायला सुरुवात केली होती, दुसरा गळ्याशी होता, आणि बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या. गाडीत काडीचा आवाज नव्हता.

राघोत्तमरावांनी आरशात बघितलं.

डाव्या दाराशी भीमसेन, उजव्या दाराशी रामस्वामी, दोघांचे डोळे मिटलेले, चेहरे शांत. आणि दोघांच्या मधून एक हात पुढे आला होता. कोपराच्या मागे काय होतं ते आरशात येत नव्हतं. हात ओला होता आणि पुरेसा लांब होता. त्याची बोटं शशिकलेच्या मानेला मागून लागली होती, गजऱ्याच्या खाली. दाबलेली नव्हती, नुसती टेकवलेली. ती टेकवायची रीत राघोत्तमरावांनी लगेच ओळखली. ती त्यांचीच होती.

"राघोत्तम," रामस्वामी मागून बोलायला लागले, डोळे मिटूनच, अगदी सावकाश. "वीस वर्षं मी तुझा साहेब होतो. आज सांगतो..."

आणि हे राघोत्तमरावांनी पुढे कुणाला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. ते थांबले. एवढं वाक्य पुरं होऊ दे, असं त्यांच्या मनात आलं. एका श्वासापुरतं.

"...तुझ्यासारखा कान त्या कारखान्यात दुसरा झाला नाही."

"हात काढ!" राघोत्तमराव ओरडले.

भीमसेनने दचकून डोळे उघडले आणि सवयीने मांडीवरचे दोन्ही हात वर केले. "सार," तो म्हणाला, "मी ठेवलोच नाही, सार!"

एक क्षण काहीच झालं नाही. मग टुक. मग बांगड्या. मग डॅशबोर्ड, मग दारं, मग बारा वर्षांची सगळी खडखड एकदम अंगावर आल्यासारखी आली, पापडाच्या खोक्यापासून डिकीच्या झाकणापर्यंत, आणि त्या सगळ्याच्या वर फाटलेल्या आवाजात शशिकलाबाई, "अहो, झालं, झालं म्हणून केव्हाची ओरडतेय! कान फुटले की काय तुमचे?"

राघोत्तमरावांनी गाडी बाजूला घेतली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आरशात मध्ये हातभर जागा होती, रिकामी.

रामस्वामींनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि ते गदागदा हसत होते. "वाजते!" ते म्हणाले. "अरे, केवढी वाजते!"

"आमा, हो," राघोत्तमराव म्हणाले. "वाजते. माझीच आहे."

६

पेरुंगुडीला सोसायटीच्या फाटकाशी लोकांनी हार घातले, फोटो काढले. सबंध रस्ता गाडी मोडक्या पेटाऱ्यासारखी वाजत आली होती. भीमसेन म्हणाला, "सार, आठवडाभर द्या, चोर शोधून देतो." राघोत्तमरावांनी त्याला गाडीला हात लावू दिला नाही.

गाडी अजून तशीच वाजते. वॉचमन म्हणतो, दुरुस्त करून घ्या. राघोत्तमराव त्याला ताठ मानेने सांगतात, की किनाराभर फिरून आलेली गाडी आहे, ती वाजणारच. रोज सकाळी ते भाजी आणायच्या निमित्ताने एक किलोमीटर चालवतात. आता बायकोने गप्प बसायचं नाही, बोलत राहायचं, असा नवा नियम आहे. शशिकलाबाईंना यात काय वावगं वाटणार? त्यांना तो नियम फार आवडला.

एग्मोरच्या डॉक्टरांकडे ते स्वतःहून गेले, कीर्तनाने न सांगता. डॉक्टर म्हणाले, चाळिशीतल्या माणसाचे कान आहेत. राघोत्तमरावांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि लेकीला फोनवर वाचून दाखवलं. लेक हसली, म्हणाली, अप्पा, तुमचा गर्व काही जायचा नाही. सहा महिन्यांनी परत दाखवायची तारीख त्यांनी आत्ताच घेऊन ठेवली आहे.

दुपारी जेवणं झाली की शशिकलाबाई आडव्या होतात आणि पाच मिनिटांत घोरायला लागतात. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं ते. राघोत्तमराव शेजारी खुर्ची घेऊन पेपर वाचत बसतात. पूर्वी ते अशा वेळी बाहेरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे.

काल दुपारीही ते तसेच बसले होते. पंखा चालू होता, खाली रस्त्यावर एका कंपनीची बस आवाज करत मागे येत होती. मध्येच घोरणं थांबलं. बायकोची छाती वरखाली होत होती, ओठ फुरफुरत होते, बांगड्यांचा हात उशीवर घसरला, तोही आवाज न करता. राघोत्तमरावांनी पेपर खाली ठेवला.

"हात काढ," ते हळूच म्हणाले. आणि मोजायला लागले.

एक. दोन. तीन.

परवा तीनला सुरू झालं होतं. त्याआधी तर म्हटल्याबरोबर.

चार. पाच.

"हात काढ," राघोत्तमराव परत म्हणाले. या वेळी हुकमासारखं नाही, विनवल्यासारखं.

सहा.